सकाळचा उतार दुपारी तोच राहत नाही

वसंत म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आंब्याचा मोहोर, फुललेला पळस आणि कोकिळेची साद उभी राहते. पण जगात अशीही गावे आहेत, जिथे वसंत येतो तो पांढऱ्या वेषातच. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले रेव्हलस्टोक हे त्यांपैकी एक. चहूबाजूंनी उंच डोंगर, मध्ये नदी आणि मार्च-एप्रिलपर्यंत माथ्यांवर कित्येक फूट बर्फ. दिवस मोठा झालेला, आकाश निळेभोर, ऊन उबदार. हिवाळाभर थंडीने आखडलेली माणसे या दिवसांची वाटच पाहत असतात. शनिवार-रविवारी दूरदूरच्या शहरांतून गाड्या येतात. प्रत्येक गाडीच्या मागे एक-दोन स्नोमोबाइल बांधलेल्या असतात.

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल म्हणा ना! पुढे दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा आणि मध्ये दणकट इंजिन. पायी चढायला जो डोंगर अर्धा दिवस घेईल, तो हे वाहन काही मिनिटांत चढते. त्यातच तिची सारी मौज आहे आणि सारा धोकाही.

हा धोका कळला पाहिजे तो विशेषतः वसंतात. कारण या ऋतूत डोंगर घड्याळाप्रमाणे बदलतो. सकाळी आठ वाजता जो उतार दगडासारखा पक्का असतो, तोच दुपारी एक वाजता माणसाला गिळू शकतो. उतार तोच, बर्फ तोच, माणसेही तीच. बदललेली असते ती फक्त वेळ.

एका बापाच्या दुःखातून

स्नोमोबाइलचा जन्म मौजेसाठी झाला नव्हता. कॅनडाच्याच क्युबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा एक तरुण यंत्रकार राहत होता. त्या काळी हिवाळ्यात तिथले गावरस्ते बर्फाखाली गडप होत. १९३४ च्या जानेवारीत त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. त्याला तातडीने रुग्णालयात नेणे गरजेचे होते; पण बर्फातून नेणार कसे? मूल दगावले. बर्फावर चालणारे वाहन बनवायचा ध्यास बोंबार्डिएने आधीच घेतला होता. या घावानंतर तो अधिकच नेटाने कामाला लागला. १९३७ मध्ये त्याने आपल्या पट्ट्याच्या रचनेचे एकस्व मिळवले. पुढे त्याच्या मोठ्या बर्फगाड्यांतून डॉक्टर, टपाल आणि शाळकरी मुले ये-जा करू लागली. १९५९ मध्ये त्याने एक-दोन माणसांसाठी लहान, हलके वाहन बाजारात आणले. त्याचे नाव ‘स्की-डू’.

जीव वाचवण्याच्या तळमळीतून जन्मलेले हे वाहन पुढे खेळाचे साधन झाले. इंजिने बलवान झाली, पट्टे लांब झाले आणि जिथे कोणी जात नसे अशा उभ्या डोंगरांवर माणसे चढू लागली. वाहन सुधारले, पण बर्फ होता तसाच राहिला.

बर्फ म्हणजे थरांची चळत

डोंगरावरचा बर्फ लांबून एकसंध दिसतो. पण कुणी त्यात खड्डा खणून पाहिला, तर पुस्तकाच्या पानांसारखे थर दिसतात. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर. काही घट्ट, काही भुसभुशीत, काही साखरेसारखे सुटे दाणेदार. घट्ट थराच्या खाली असा सुटा थर दबून राहिला की वरचा भार जणू गोट्यांवर ठेवलेल्या फळीसारखा होतो. त्यावर वाहनाचे वजन पडले की फळी सुटते. एका ठिकाणी पडलेली भेग क्षणात लांबवर धावते आणि सबंध उतार एकदम घसरू लागतो. हाच हिमलोट.

तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार यासाठी सर्वांत धोक्याचे. आपल्या इमारतीच्या जिन्याचा चढ साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो. म्हणजे फार भयंकर कडा नव्हे, तर स्नोमोबाइलवाल्यांना चढायला जो सर्वांत आवडतो, नेमका तोच उतार!

हा झाला हिवाळ्यातला धोका. वसंतात त्यात उन्हाची भर पडते. बर्फ वितळू लागतो, पाणी थरांतून खाली झिरपते आणि बर्फाच्या कणांना एकमेकांशी जखडून ठेवणारे बंध सैल होतात. हेच पाणी खालच्या एखाद्या गुळगुळीत थरावर किंवा खडकावर जाऊन साचले की वरचा ओला, जड बर्फ धरून ठेवायला काहीच उरत नाही.

सूर्य मावळला की उलटा खेळ सुरू होतो. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडून देतो आणि दिवसभर भिजलेला पृष्ठभाग रात्रीत गोठून टणक कवच बनतो. हे कवच जाड असेल तोवर खालचा बर्फ जखडलेला राहतो. म्हणूनच स्वच्छ, थंड रात्रीनंतरची सकाळ वसंतात त्यातल्या त्यात विश्वासाची. मात्र कवचाखाली हिवाळ्यातला कच्चा थर दबलेला असेल, तर तो धोका सकाळीही संपत नाही.

आणि रात्री ढग असले तर? ढग म्हणजे डोंगरावर पांघरलेली गोधडी. ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बर्फ गोठतच नाही, किंवा वरवर एक पातळ पापुद्रा तेवढा धरतो. असा डोंगर सकाळी उजाडतो तोच थकलेला. रात्री पाऊस पडला असेल तर विचारूच नये. म्हणून जाणती माणसे पहाटे उठून आधी आकाशाची चौकशी करतात: रात्री चांदण्या दिसल्या होत्या का?

सोयीची वेळ, धोक्याची वेळ

आता या खेळातली खरी अडचण पाहा. सकाळचा टणक बर्फ सुरक्षित खरा, पण स्नोमोबाइलला तो मानवत नाही. पुढच्या पट्ट्या नीट पकड घेत नाहीत आणि प्रवास खडखडाटाचा होतो. शिवाय अनेक वाहनांचे इंजिन थंड राहते ते मागच्या पट्ट्याने उडवलेल्या बर्फामुळे. टणक बर्फ उडत नाही आणि इंजिन तापते. त्यासाठी काही जण वाहनाला धातूचे छोटे ओरखडे बसवतात. ते बर्फ खरवडून वर उडवतात. बाकीचे सरळ वाट पाहतात. बर्फ मऊ होईपर्यंत चहा-नाश्ता, गप्पा, फोटो. दहा वाजता निघू, अकराला निघू, असे चालते.

म्हणजे जी वेळ वाहनाला सोयीची, तीच नेमकी डोंगर सैल होण्याची. मऊ झालेला पहिला इंच-दोन इंच बर्फ आनंद देतो. पण तो मऊपणा तिथेच थांबत नाही. तो खोल खोल जात राहतो आणि आनंदाच्या भरात माणसाला त्याचे भान राहत नाही.

सूर्याची फेरीही ध्यानात ठेवावी लागते. पूर्वेकडचे उतार सकाळीच तापतात, दक्षिणेकडचे दुपारी आणि पश्चिमेकडचे उतरत्या दुपारी. म्हणजे सकाळी ज्या पश्चिम उताराखालून माणूस निर्धास्त गेला, परततानाच्या चार वाजता तोच उतार भिजून डोक्यावर टांगलेला असतो. उत्तरेकडच्या सावलीत हिवाळ्यातला सुटा बर्फ अजून टिकून असतो. तिथे हिवाळ्यातलाच धोका. माथ्यावर वाऱ्याने बांधलेले बर्फाचे छज्जे असतात, तेही ऊन लागले की मोडून पडतात आणि पडताना खालच्या उताराला घेऊन जातात. खोऱ्यात सकाळी ओढ्यावर जो बर्फाचा पूल पक्का वाटला, तो संध्याकाळी खालून पोखरलेला असतो.

डोंगर मात्र न सांगता काही करत नाही. ऐकणारा हवा. उतारावरून बर्फाचे लहान गोळे लाडवांसारखे आपोआप घरंगळू लागले, वाहनावरून उतरल्यावर पाय गुडघ्यापर्यंत ओल्या बर्फात गेला, शेजारच्या त्याच दिशेच्या उतारावर ताजा हिमलोट दिसला, पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज झाला किंवा बर्फाला भेगा गेल्या, तर समजावे की वेळ संपली. यातला आवाजाचा इशारा स्नोमोबाइलवाल्याला बहुधा ऐकूच येत नाही, कारण इंजिनाची घरघर त्याच्या कानांत भरलेली असते. इंजिनाच्या आवाजाने हिमलोट येतो, हा मात्र निव्वळ समज आहे. हिमलोट सुटतो तो वजनाने. दोनशे किलोंहून जड वाहन, त्यावरचा माणूस आणि फिरता पट्टा यांचा दाब खोलवरच्या कच्च्या थरापर्यंत पोहोचतो. हिमलोटात सापडलेल्या बहुतेक माणसांवरचा लोट त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सोडवलेला असतो, हे अभ्यासकांचे जुने निरीक्षण आहे.

१३ मार्च २०१०

रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर त्या शनिवारी सुमारे दोनशे माणसे जमली होती. दरवर्षी भरणारा स्नोमोबाइलवाल्यांचा हा अनौपचारिक मेळा. त्यांचा आवडता खेळ असा: एकेकाने वाहन भरधाव सोडून उभ्या उतारावर जमेल तितके उंच चढायचे, तिथे गिरकी घेऊन खाली यायचे. ज्याची चाकोरी सर्वांत उंच, तो जिंकला. खाली वाडग्यासारख्या सखल जागी बाकीची माणसे वाहने उभी करून बघत होती. काही जण सहकुटुंब आले होते.

कॅनडातील हिमलोटांची पूर्वसूचना देणाऱ्या केंद्राने त्या शनिवार-रविवारसाठी धोक्याचा खास इशारा दिलेला होता. हे केंद्र त्याच रेव्हलस्टोक गावात आहे. उतारावर मात्र चढाओढ चालूच राहिली. दुपारी अख्खा उतार सुटला आणि खालच्या प्रेक्षकांवर येऊन कोसळला. दोन माणसे मरण पावली, तीसएक जखमी झाली. आकडा याहून मोठा झाला नाही, याचे श्रेय तिथेच हजर असलेल्या लोकांना. हातात फावडी घेऊन त्यांनी लगेच खणायला सुरुवात केली होती.

या घटनेतून शिकण्यासारखे दोन धडे आहेत. पहिला असा की, उतारावर आधी उमटलेल्या चाकोऱ्या म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे. नऊ वाहने सुखरूप चढली म्हणून दहावे चढेलच असे नाही; कच्चा थर सर्वत्र सारख्या खोलीवर नसतो आणि दहावे वाहन नेमके नाजूक जागी जाऊ शकते. वसंतात तर पहिले वाहन आणि दहावे वाहन यांच्यामध्ये दोन तासांचे ऊन असते. दुसरा धडा असा की, सपाट जागी उभा असलेला माणूसही सुरक्षित नसतो, जर ती सपाटी उताराच्या पायथ्याशी असेल. लोट कुठवर येईल हे पाहून त्याच्या वाटेबाहेर थांबले पाहिजे.

मदतीची घाईही कधी घातक ठरते. त्याच प्रांतात फर्नी गावाजवळ २८ डिसेंबर २००८ रोजी, म्हणजे ऐन हिवाळ्यात, अकरा स्नोमोबाइलवाल्यांपैकी सात जण हिमलोटाखाली गाडले गेले. उरलेले चौघे त्यांना खणून काढायला धावले. तेवढ्यात दुसरा लोट आला आणि त्यांच्यावरही पडला. अकरापैकी तिघेच घरी परतले. या भागाला ही शोकांतिका नवी नाही. रेव्हलस्टोकच्या पूर्वेला असलेल्या रॉजर्स खिंडीत ४ मार्च १९१० च्या रात्री रेल्वेमार्गावर पडलेला हिमलोट मजूर साफ करत होते. तोच समोरच्या डोंगरावरून दुसरा लोट आला आणि सुमारे साठ मजूर त्यात गेले. त्यांत निम्म्याहून अधिक जपानमधून पोटासाठी आलेले होते.

म्हणून आज तिकडे शिकवतात, की उतारावर एका वेळी एकच वाहन. सोबत्याचे वाहन वर रुतले तर दुसऱ्याने त्याच्या मदतीला वर जायचे नाही. त्याचे त्याने सोडवावे. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून नजर ठेवावी, इंजिन चालू होण्यासारखे ठेवावे आणि पाठ डोंगराकडे करू नये. मित्राला एकटे सोडणे मनाला पटत नाही. पण दोन वाहनांचे वजन एकाच उतारावर टाकणे म्हणजे दोन घरांत अंधार करण्याची तयारी.

दहा मिनिटांचा हिशेब

कोरडा हिमलोट ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येऊ शकतो. वसंतातला ओला लोट त्यामानाने सावकाश येतो, पण जड असतो. एका घनमीटर ओल्या बर्फाचे वजन चारशे-पाचशे किलोंच्या घरात. थांबला की तो सिमेंटसारखा आवळतो. आतल्या माणसाला बोटसुद्धा हलवता येत नाही आणि बाहेरच्याला हातांनी उकरता येत नाही.

गाडले गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले, तर दहांपैकी नऊ जण जगतात. त्यानंतर आशा झपाट्याने ओसरते. अर्धा तास उलटला की तिघांतला एखादाच हाती लागतो. बचावपथकाचे हेलिकॉप्टर इतक्या लवकर येऊ शकत नाही. म्हणजे वाचवणारे कोण? जे सोबत होते तेच.

यासाठी प्रत्येकाजवळ तीन वस्तू असाव्या लागतात. पहिली, अंगावर बांधायचे छोटे रेडिओयंत्र, ट्रान्सीव्हर. ते सतत ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडत राहते. कुणी गाडला गेला की बाकीचे आपली यंत्रे संदेश घेण्याकडे वळवतात आणि त्याचा माग काढतात. दुसरी, बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे आहे हे चाचपण्याची लांब घडीची सळई. तिसरी, धातूचे फावडे. हे सर्व अंगावर किंवा पाठीवरच्या पिशवीत हवे. वाहनाच्या पेटीत नको. वाहन लोटाखाली गेले तर फावडेही त्याच्याबरोबर गेले! पाठीवरच्या पिशवीत हवेची उशी फुगवणारी साधनेही मिळतात. ती माणसाला लोटाच्या वर ठेवायला मदत करतात. पण जवळ उपकरणे आहेत म्हणून अधिक धाडस करणे म्हणजे छत्री आहे म्हणून पुरात उतरण्यासारखे आहे.

सर्वांत स्वस्त साधन मात्र घरीच असते. निघताना कुठे जाणार आणि किती वाजता परतणार हे घरच्यांना सांगून जाणे, आणि त्या दिवसाची पूर्वसूचना वाचणे. तिकडे धोक्याच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत. मधली, तिसरी पायरी लोकांना ‘मध्यम’ वाटते आणि तिथेच फसगत होते. तिचा खरा अर्थ ‘धोका लक्षणीय आहे’ असा असतो. परतण्याची वेळ घरून निघतानाच ठरवावी. डोंगरावर, उन्हात, मित्रांच्या आग्रहात ती ठरवता येत नाही.

आपल्या हिमालयात

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. परीक्षा संपल्या की मुंबई-पुणे-नागपूरहूनच नव्हे, तर इंदूर, बडोदे, बंगळूरहूनही मराठी कुटुंबे मनाली आणि काश्मीरकडे निघतात. गुलमर्गला आणि सोलंग खोऱ्यात बर्फ असेपर्यंत ‘स्नो स्कूटर’वर चक्कर मारायला मिळते. ती बहुधा मोकळ्या सपाटीवरची, चालकासोबतची असते. तेवढ्यात मुलांचा आनंद पुरेसा होतो. ‘भैया, थोडं आणखी वर घ्या ना’ असा आग्रह धरू नये. जो माणूस रोज तो डोंगर पाहतो, तो ‘आज नाही’ म्हणाला, तर ते सौदा वाढवण्यासाठीच आहे असे समजू नये.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नथू ला खिंडीकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर भरदिवसा हिमलोट आला. सात पर्यटक मरण पावले. तिथे स्नोमोबाइलचा संबंध नव्हता. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच परवानगी होती. पंधराव्या मैलाजवळ लोट आला. दोन मैल पुढचे दृश्य अधिक सुंदर असेलही. पण परवानगीची ती रेघ कुणीतरी विचार करून आखलेली असते.

आपल्याकडेही हिमलोटांचा अभ्यास करणारी संस्था आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची ही प्रयोगशाळा चंदीगडला असून हिमालयातल्या राज्यांसाठी ती धोक्याच्या सूचना काढते. त्या वर्तमानपत्रांत आणि आकाशवाणी-दूरदर्शनवर येतात. हॉटेलच्या आरक्षणाची आठवण ठेवतो, तशी निघण्याआधी या सूचनेची चौकशी करायला काय हरकत आहे?

रेव्हलस्टोकचे अनुभवी स्नोमोबाइलवाले वसंतात भल्या पहाटे निघतात. इंजिन तापले तर थांबतात, खडखडाट सोसतात. दुपारी ऊन ऐन रंगात येते, इतरांच्या गाड्या वर चढू लागलेल्या असतात, तेव्हा ही माणसे खाली उतरून वाहने गाडीला बांधत असतात. ‘इतक्यात निघालात?’ असे वर जाणारे हसून विचारतात. ते उत्तर देत बसत नाहीत. डोंगर उद्याही तिथेच असणार आहे. आपणही असावे, एवढाच त्यांचा हिशेब.